सोवळ्यातले क्वांटम डॉट

गेल्या दिवाळीच्या आधी भावाबरोबर टीव्ही घ्यायला गेले होते. दुकानातल्या मुलाने आम्हांला एका ५५ इंची पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर आधी पोपट, मग स्ट्रॉबेऱ्या, मग पाण्यात सोडलेले रंग. टीव्हीच्या दुकानात बारा महिने जे चालू असतं तेच. "क्वांटम डॉट आहे मॅडम," तो म्हणाला. भावाची पाच वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी होती. तिच्याकडे बघत त्याने पुढचं वाक्य टाकलं, "आणि कॅडमियम-फ्री. घरात लहान मुलं असतात ना. एकदम सेफ."

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, हे तुझंच ना गं?"

माझंच होतं. टीव्ही बनवण्यात माझा काही हात नाही, पण ते वाक्य माझं होतं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत पीएचडी करताना मी कॅडमियम सेलेनाईडचे कण बनवले आणि नंतर युरोपात काही वर्षं इंडियम फॉस्फाईडचे. या दुसऱ्या काळात माझ्या नावावर जे पेपर छापून आले, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच आहे. शब्द थोडे इकडेतिकडे. कॅडमियम विषारी असल्यामुळे त्याच्या वापरावर मर्यादा आहेत. इंडियम फॉस्फाईड हा त्याला बिनविषारी, पर्यावरणस्नेही पर्याय आहे. अनुदानाच्या अर्जात हेच, परिषदेतल्या पहिल्या स्लाईडवर हेच, आणि आता कर्वे रस्त्यावरच्या दुकानात हेच. हे वाक्य खोटं आहे, आणि ज्यांना ते खोटं आहे हे कळायला हवं असे माझ्यासारखे हजारो लोक ते रोज लिहितात. भांडण आहे ते या वाक्याशी. अर्थात त्यात माझ्याशीही.

आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा स्फटिक. अर्धवाहकाचा तुकडा इतका लहान केला की त्याचा रंग त्याच्या आकारावर ठरायला लागतो: कॅडमियम सेलेनाईडचा दोन-अडीच नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा चमकतो, पाच-सहा नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, माप वेगळं. एकिमोव यांनी हा परिणाम काचेतल्या कॉपर क्लोराईडमध्ये दाखवला, ब्रूस यांनी द्रावणातल्या कॅडमियम सल्फाईडमध्ये, आणि १९९३ साली बावेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकसारख्या मापाचे कॅडमियम सेलेनाईडचे कण बनवायची रीत दिली. या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे या विद्येचा पाळणा कॅडमियमच्या घरात हलला.

दुकानात 'क्वांटम डॉट' म्हणून जे विकलं जातं त्यात हे कण स्वतः दिव्यासारखे पेटत नाहीत, हेही सांगून टाकते. मागे निळे एलईडी असतात, पुढे कणांची फिल्म असते. ती निळ्या प्रकाशातला काही भाग गिळून लाल आणि हिरवा परत देते. कणांतून थेट वीज खेळवून त्यांनाच उजळवायचं, हे खरं स्वप्न आहे, आणि पेपरांमधली सगळी मारामारी त्यासाठी चालू आहे.

आता आवर्तसारणी काढा. कॅडमियमचा क्रमांक ४८. इंडियमचा ४९. शेजारी शेजारी, मधे भिंत एकाच प्रोटॉनची. कॅडमियमचा अणुभार ११२.४, इंडियमचा ११४.८. 'जड धातूमुक्त' म्हणून ज्या कणांची जाहिरात होते त्यांच्या गाभ्यातला धातू, ज्याला हाकललं त्याच्यापेक्षा अणूमागे जड आहे. घनतेने मोजाल तर इंडियम किंचित हलका भरतो, ७.३ विरुद्ध ८.६५, पण मग लोखंड ७.९ आहे, आणि तव्याला जड धातू म्हणून कोणी घाबरत नाही. अलीकडे चांदी, इंडियम, गॅलियम आणि गंधक यांचे कण जोरात आहेत, तेही 'जड धातूमुक्त' याच पाटीखाली. चांदीची घनता १०.५ आहे. 'जड धातू' या शब्दाला रसायनशास्त्रात नेमका अर्थच नाही, असं जॉन डफस यांनी २००२ मध्येच आययूपीएसीच्या नियतकालिकात साधार लिहून ठेवलं होतं. तो लेख आम्ही सगळ्यांनी वाचलाय. वाचून पुन्हा शीर्षकात 'जड धातूमुक्त' लिहिलंय.

माझी आजी सोवळ्याची फार कडक होती. तिचं सोवळ्याचं लुगडं उंच वलणीवर काठीने वाळत घातलेलं असायचं आणि आम्हां पोरांचा हात त्याला लागला की पुन्हा धुणं. पण ज्या आडाचं पाणी ती सोवळ्यात भरायची, त्याच्या काठावर गाव भांडी घासायचं. सोवळं आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आठव्या-नवव्या वर्षी कळलं होतं. पीएचडी झाल्यावर मी ते विसरले.

कारण विषारीपणाचा हिशेब नावावरून होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने इंडियम फॉस्फाईडची धूळ उंदीर-घुशींना हुंगवण्याचा दोन वर्षांचा प्रयोग केला, त्याचा अहवाल २००१ चा आहे. हवेत घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेलाही फुप्फुसांत गाठी आल्या. वरच्या दोन मात्रा पाच महिन्यांतच थांबवल्या होत्या, तरी त्या प्राण्यांना पुढे कर्करोग झाले. हे आकडे इतके दचकवणारे होते की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसांबद्दलचा पुरेसा पुरावा हातात नसतानाही इंडियम फॉस्फाईडला '२अ' गटात, म्हणजे बहुधा कर्करोगकारक गटात, टाकलं. कॅडमियम 'गट १' मध्ये आहे, म्हणजे नक्की कर्करोगकारक. फरक आहे, नाकारत नाही. पण 'नक्की' आणि 'बहुधा' यांमधलं अंतर 'विषारी' आणि 'बिनविषारी' यांमधलं नाही. हे गट धोक्याची तीव्रता सांगत नाहीत, पुराव्याची खात्री सांगतात. आणि युरोपच्या रसायनांच्या अधिकृत वर्गीकरणात इंडियम फॉस्फाईड आणि कॅडमियम सल्फाईड कर्करोगाच्या एकाच रकान्यात आहेत: १ब.

जपानला हे प्राण्यांवरून शिकावं लागलं नाही. पडद्यांच्या काचेवर वीज वाहून नेणारा जो पारदर्शक थर असतो तो इंडियम-टिन ऑक्साईडचा. तुमच्या हातातल्या फोनवर आत्ता तो आहे. या ऑक्साईडच्या धुळीत काम करणाऱ्या एका कामगाराच्या फुप्फुसाच्या आजाराची नोंद जपानी डॉक्टरांनी २००३ मध्ये छापली. तोवर तो वारला होता. नंतर आणखी रुग्ण सापडले, या आजाराला नाव मिळालं, आणि २०१० मध्ये जपानच्या श्रम खात्याने कारखान्यातल्या श्वसनीय धुळीत इंडियमची स्वीकार्य मर्यादा घनमीटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम धरली. अमेरिकेत कॅडमियमची कायदेशीर मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. हे दोन आकडे वेगळ्या देशांचे, वेगळ्या रीतीने ठरवलेले, त्यांची सरळ तुलना करणं पूर्ण न्याय्य नाही. तरीही ते शेजारी ठेवून बघा, आणि मग माझं पहिलं वाक्य परत वाचा.

इथे कोणीतरी म्हणेल, की बाई, हे सगळं धुळीबद्दल आहे. कण टीव्हीत प्लास्टिकच्या दोन पडद्यांत बंद असतात, ते कोण हुंगायला जातंय? अगदी बरोबर. पण मग हाच युक्तिवाद कॅडमियमलाही लागू होतो. युरोपने पडद्यांना जी सवलत दिली होती तिची मर्यादा पडद्याच्या चौरस मिलिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम कॅडमियम अशी होती. ५५ इंची पडद्याला हे गणित करून बघितलं: जास्तीत जास्त एक षष्ठांश ग्रॅम. माझ्या भाचीला त्या टीव्हीपासून कॅडमियमचाही धोका नव्हता आणि इंडियमचाही नाही. दुकानातल्या मुलाने तिचं नाव घेऊन भीती विकली आणि लगेच उतारा विकला. ज्यांना धोका आहे ती माणसं त्या दुकानात येत नाहीत. ती कारखान्यात असतात, प्रयोगशाळेत असतात, आणि शेवटी भंगारात असतात. 'सेफ' हा शब्द नेमका त्यांना वगळून वापरला जातो, आणि माझा राग आहे तो त्यावर.

कॅडमियमची बाजू मी घेत नाहीये. मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम अर्धं बाहेर पडायला दशकं लागतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराचं नावच 'इताई-इताई' पडलं. 'दुखतंय, दुखतंय.' १९६८ मध्ये सरकारने तो कॅडमियममुळे होतो हे मान्य केलं. माझ्या प्रत्येक व्याख्यानात ही गोष्ट असायची. पण मी ती अर्धीच सांगायचे. जिंझूच्या वरच्या अंगाला कामिओका इथे जी खाण होती, तिथे कॅडमियमसाठी कोणी खणत नव्हतं. ती जस्ताची आणि शिशाची खाण होती. कॅडमियम हा जस्तासोबत येणारा गाळ होता, तो नदीत गेला. (त्याच डोंगराच्या पोटात पुढे न्यूट्रिनो पकडणारी प्रसिद्ध वेधशाळा झाली. भौतिकीवाले ती गोष्ट सांगतात, आम्ही ही सांगतो, आणि डोंगर एकच आहे हे दोघांनाही फारसं ठाऊक नसतं.)

आता आमचा 'स्वच्छ' कण उघडून बघा. गाभा इंडियम फॉस्फाईडचा, त्यावर झिंक सेलेनाईडचं कवच, त्यावर झिंक सल्फाईडचं. निळ्या रंगासाठी तर अख्खा कणच जस्त, सेलेनियम आणि टेल्युरियमचा. जस्त येतं मुख्यतः स्फॅलेराईट या खनिजातून. त्याच खनिजात कॅडमियम असतं आणि त्याच खनिजात इंडियम असतं. जगात दोन्ही मिळतात ते बहुतांशी जस्त शुद्ध करताना उरलेल्यातून. एका आईची तीन पोरं. जस्त गंजरोधक मुलाम्यासाठी लाखो टनांनी काढलं जाणारच आहे, आमच्या कणांना त्यातलं चिमूटभरही लागत नाही. म्हणजे टीव्हीत कॅडमियम वापरलं नाही म्हणून जमिनीतून ते कमी निघत नाही. ते निघतंच. प्रश्न एवढाच उरतो की निघालेलं कुठे ठेवायचं: सेलमध्ये, काचेत बंद, डबर म्हणून पुरून, की नदीत. हा प्रश्न 'कॅडमियममुक्त' म्हटल्याने सुटत नाही, फक्त आपल्या अंगणातून दिसेनासा होतो.

मग हे सोवळं आलं कुठून? कायद्यातून, आणि नंतर बाजारातून. युरोपचा रोह्स नावाने ओळखला जाणारा निर्देश २००३ चा, लागू झाला जुलै २००६ पासून. त्यात शिसं, पारा वगैरेंना वजनाच्या ०.१ टक्के मर्यादा, कॅडमियमला ०.०१. यादीत इंडियम नाही. चांगला कायदा आहे. त्याच्यामुळे किती तरी घाण कमी झाली. पण यादी म्हटलं की यादीत नसलेलं सगळं निर्दोष वाटायला लागतं. कॅडमियमवाल्यांनी सवलत मागितली. त्यांचं म्हणणं असं, की आमचे पडदे कमी वीज खातात, म्हणून कोळसा कमी जळतो, म्हणून कोळशाच्या धुरातलं कॅडमियमही कमी होतं. (हे चतुर होतं. साफ चूकही नव्हतं.) ज्यांच्याकडे इंडियमच्या कणांची पेटंटं होती त्यांनी सवलतीला पर्यावरणाच्या नावाने विरोध केला. मे २०१५ मध्ये युरोपीय संसदेने आयोगाचा मुदतवाढीचा प्रस्ताव फेटाळला, २०१७ मध्ये आकुंचित सवलत आली, ती पुढे रेंगाळत राहिली. पर्यावरणाबद्दलची कळकळ किती खोल होती याचा अंदाज यावरून घ्या: कॅडमियममुक्त कणांच्या पेटंटांवरून ब्रिटनच्या नॅनोकोने सॅमसंगवर २०२० मध्ये टेक्सासच्या कोर्टात दावा लावला आणि २०२३ मध्ये १५ कोटी डॉलरवर समझोता झाला. धंदा धंद्यासारखा झाला, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या धंद्याची आरती आम्ही वैज्ञानिकांनी 'प्रस्तावना' या सदराखाली का म्हणायची?

याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण आरतीची गरजच नव्हती. जे काम झालं ते मुळातच देखणं आहे. इंडियम फॉस्फाईड हा अतिशय हट्टी पदार्थ. कॅडमियम सेलेनाईड शहाण्या पोरासारखं वागतं: गरम द्रावणात टाका, कण एकदम जन्माला येतात आणि मग सावकाश, सगळे एका मापाने वाढतात. इंडियम आणि फॉस्फरस यांचा बंध जास्त सहसंयुजी. फॉस्फरस इतक्या घाईने संपतो की वाढीसाठी काही उरतच नाही, आणि कण लहान-मोठे, वेडेवाकडे होतात. माप विखुरलं की रंग फाकतो. हिरवा पोपटी व्हायला लागतो. त्यात हवेतला जरासा ऑक्सिजन, पाण्याचा एखादा रेणू, आणि कणाच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा पापुद्रा. त्या पापुद्र्यात प्रकाश गडप. मी असे राखाडी-तपकिरी, मेलेले द्रावण किती फेकले असतील त्याला गणती नाही.

हा हट्ट लोकांनी पंधरा-वीस वर्षं बसून मोडून काढला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी नेचरमध्ये लाल रंगाचा, थेट विजेवर उजळणारा इंडियम फॉस्फाईडचा दिवा छापला: बाह्य कार्यक्षमता २१.४ टक्के, जी अशा रचनेत जवळजवळ कमाल मानतात. पुढल्याच वर्षी त्यांनी निळा आणला, झिंक-टेल्युरियम-सेलेनियमचा. निळा सर्वांत अवघड, कारण झिंक सेलेनाईड एकटं घेतलं तर ते जांभळ्याकडे झुकतं. टेल्युरियम मोजून घातलं की रंग खाली उतरतो, पण जास्त झालं की पसरतो. २०.२ टक्के. तो पेपर आला तेव्हा आमच्या गटातल्या एकीने तो छापून चहाच्या यंत्रावर चिकटवला होता आणि आठवडाभर कोणी काढला नाही. लालची उमर मात्र निळ्याच्या पासंगालाही येऊ देत नाही: चौरस मीटरमागे १०० कॅन्डेला इतक्या उजेडाला लाल दहा लाख तास टिकेल असा हिशेब, निळा १५,८५० तास. अजून खूप काम आहे, आणि ते काम करण्यासारखं आहे. हेच पहिल्या वाक्यात लिहा की! 'हा पदार्थ वश होत नव्हता, आम्हांला तो वश करायचा होता.' कोणीही समजून घेईल.

या दोन्ही कामांमध्ये कणाचा पृष्ठभाग साफ करायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलंय. आता ते सांगते.

युरोपातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी होता, माझ्याच हाताखाली. रविवारी संध्याकाळी तो त्या आम्लाचं पातळ द्रावण कणांवर टाकत होता. पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लाची खोड अशी की ते लागलं तेव्हा कळत नाही. कातडीतून आत जातं, कॅल्शियम धरतं, आणि कित्येक तासांनी ठणका सुरू होतो. हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक असावं. रात्री दीडला त्याचा फोन आला. बोट जळतंय, पण दिसत काहीच नाही. मी म्हटलं, पेटीतलं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लाव, मी टॅक्सीने येते. जेलची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. पेटी तपासायची जबाबदारी ज्या तक्त्यावर होती त्यावर माझं नाव होतं.

रुग्णालयात बोट वाचलं. नख गेलं, ते वेडंवाकडं परत आलं. मंगळवारी गटाच्या बैठकीत ठरलं, की नोंद 'किरकोळ' म्हणून करायची, नाहीतर सुरक्षा विभाग सहा आठवडे प्रयोग बंद ठेवेल आणि स्पर्धक पुढे जातील. ठरवणाऱ्यांत मी होते. त्या रविवारच्या घाणीतले कण सुंदर निघाले होते. त्यांच्यावर पेपर झाला. त्याची प्रस्तावना मी लिहिली आणि तिचं पहिलं वाक्य तुम्हांला आता पाठ झालं असेल. बिनविषारी. पर्यावरणस्नेही. लेखकांच्या यादीत तिसरं नाव त्या मुलाचं आहे.

आम्ल हा एक भाग. फॉस्फरस आणायला जे संयुग वर्षानुवर्षं वापरलं गेलं, ते हवेत आलं की पेट घेतं आणि त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्याला अमिनोफॉस्फिनचा स्वस्त, सौम्य पर्याय निघाला, गेंटमधल्या गटाने त्याचा चांगला अभ्यास केला. पण त्यांनीच दाखवलं की त्या संयुगाचे चार रेणू खर्च केले तर एकाचाच फॉस्फरस कणात जातो, बाकी तीन कचरा. आणि धुणं? एक ग्रॅम कण स्वच्छ करायला टोल्युईन, अ‍ॅसिटोन, इथेनॉल यांच्या बाटल्याच्या बाटल्या जातात. किती जातात हे पेपरात कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही. रॉजर शेल्डन यांनी 'ई-फॅक्टर' नावाचं सोपं माप कधीचं देऊन ठेवलंय: मालाच्या किलोमागे कचरा किती किलो. आमच्या क्षेत्रात कार्यक्षमतेचे आकडे दशांशापर्यंत छापतात आणि हा आकडा मात्र औषधालाही सापडत नाही.

उलट उदाहरण कॅडमियमच्याच घरात आहे. बावेंडींच्या मूळ कृतीत डायमिथाईल कॅडमियम होतं. विषारी, हवेत पेटणारं, भयंकर. २००१ मध्ये आर्कान्सामधल्या शिआओगांग पेंग यांच्या गटाने त्याच्या जागी साधं कॅडमियम ऑक्साईड वापरून तितकेच चांगले कण बनवले. मूलद्रव्य तेच राहिलं, धोका कितीतरी उतरला. मी पुण्यात शिकले ती हीच कृती. डायमिथाईल कॅडमियमची बाटली मी जन्मात पाहिलेली नाही. त्या पेपराने माझ्या फुप्फुसांसाठी जे केलं ते 'जड धातूमुक्त' पाटीने कुणाहीसाठी केलेलं मला ठाऊक नाही.

आणि आपल्याकडे? भारताच्या ई-कचरा नियमांत रोह्सच्याच मर्यादा आहेत, कॅडमियम ०.०१ टक्के. पण २०२२ च्या नियमांनुसार कचऱ्यातून धातू परत मिळवल्याची जी प्रमाणपत्रं उत्पादकांना विकत घ्यावी लागतात, ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारांसाठी आहेत. इंडियमला त्या यादीत जागा नाही. म्हणजे पडदा फोडणाऱ्याला त्यातलं तांबं काढण्यात फायदा आहे आणि काच फेकून देण्यात. कुर्ल्याच्या किंवा सीलमपूरच्या गाळ्यात बसून जो पोरगा हातोडीने पॅनेल फोडतो, त्याच्या नाकात काय जातं हे मोजायला कोणत्याही कॅडमियममुक्त प्रकल्पातून एक रुपयाही येत नाही. मी माझ्या अर्जांत तसा रुपया मागितला नव्हता. मागता आला असता, 'पर्यावरणस्नेही' असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं ना.

आता मी संशोधन करत नाही, शिकवते. पण पेपर परीक्षणाला अजून येतात. गेल्या वर्षापासून मी एक नेम केलाय. पहिल्या वाक्यात 'बिनविषारी' किंवा 'पर्यावरणस्नेही' दिसलं की लेखकांना तीन गोष्टी विचारते: तुमच्या अख्ख्या कणाची विषारीपणाची चाचणी केली का, ग्रॅममागे कचरा किती झाला, आणि आम्ल वापरलं असेल तर किती आणि कसं निकामी केलं. नसेल तर वाक्य काढा, बाकी पेपर मला आवडला आहे, असंही लिहिते. कारण बहुतेक वेळा तो खरंच आवडलेला असतो.

बहुतेक लेखक शब्द मुकाट्याने काढून टाकतात. एका गटाने मात्र मुद्देसूद उत्तर पाठवलं. परीक्षकाचे मनापासून आभार. सूचना अत्यंत मोलाची. त्यानुसार प्रस्तावनेत सुधारणा केली आहे. सुधारित प्रत उघडून बघितली. 'बिनविषारी' च्या जागी 'कमी विषारी' केलं होतं, आणि संदर्भ म्हणून माझा जुना पेपर जोडला होता.